मंजूर घर

आमचे घर एकदा झाले होते, पण कागदावर! आईने धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत जन्म काढला. तिच्यासाठी मी जळगावला, नोकरीच्या गावी, प्लॉट घेतला. 2011 साली नकाशा मंजूर झाला. आईने परवानगीचा कागद देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले.

बांधकाम परवानग्या वाढल्या, की शहरात घरांना मागणी वाढली, असे जाणकार सांगतात. ते खोटे नाही. विटा, वाळू, गवंडी यांच्या आधी अर्ज येतो. उद्याची चाहूल तिथेच प्रथम लागते. पण चाहूल म्हणजे काही पाहुणा नव्हे! 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे परवानगीची मुदत एक वर्षाची. पुढे ती वाढवून घ्यावी लागते, आणि त्यालाही मर्यादा आहे. आमच्याकडे आधी बहिणीचे लग्न निघाले, मग आजारपण. परवानगी केव्हा सरली, कळलेही नाही.

जळगावकरांना अपुरी घरे नवी नाहीत. नगरपालिकेच्या घरकुल योजनेतली बरीच घरे तशीच राहिली. 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणी 48 जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली.

आई गेल्या वर्षी गेली, त्याच दोन खोल्यांत. तिच्या ट्रंकेत तो कागद निघाला. कुंकवाचा डाग तसाच होता. त्या सालच्या मोजणीत आमचेही एक घर धरलेले असणार! म्हणून सांगतो, परवानग्या मोजा, पण शेजारी भोगवट्याचे दाखलेही मोजा. त्या वजाबाकीत आमची आई आहे.