न छेडलेला गंधार

तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची, पितळेची, जरा जाड. तिच्यावरून बोट निघालं की आधी एक खोल षड्ज येतो, आणि तो ओसरू लागला की त्याच्या पोटातून, कुणीही न छेडलेला, गंधार वर येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो मला पहिल्यांदा ऐकू आला त्याला आता वर्षं लोटली; पण अजूनही मैफलीआधी पडद्यामागे तंबोरे जुळत असले, समोर सतरंजीवर सरकासरकी, खोकले, ओळखीपाळखी चालल्या असल्या, की माझे कान सगळं सोडून त्या एका सुराची वाट पाहू लागतात.

बाईंकडे मी शिकत होते तेव्हाची ही गोष्ट. शिकत होते म्हणजे खर्ज लावत होते. पहाटे, चहाच्याही आधी, काळी चारच्या तंबोऱ्यावर मंद्र सप्तकात आवाज जाईल तिथवर उतरायचं आणि एकेका स्वरावर श्वास पुरेल तोवर उभं राहायचं. बंदिश नाही, ताना नाहीत, नुसता आकार. खाली जाताना आवाज खरखरतो, त्यात वारा शिरतो, आपलाच आपल्याला परका वाटू लागतो. आणि मग एखाद्या सकाळी, का कोण जाणे, छातीचं हाड बारीकसं थरथरू लागतं आणि आपण गातोय की तंबोरा, हे कळेनासं होतं. आतल्या खोलीत मेथी निवडत बसलेल्या बाई तिथूनच म्हणायच्या, "जोर नको गं, नुसती रहा तिथं."

तंबोरा मिरजेचा होता. त्याचा भोपळा पंढरपूरकडच्या कुठल्याशा रानात वाढलेला असणार, असं मला उगाच वाटायचं. जवारी बिघडली की बाई तार आणि घोडी यांच्यामधला सुती दोरा बोटानं केसभर पुढे-मागे सरकवत. दोरा चुकीच्या जागी असला की तार मुकी. आणि नेमकी जागा सापडली की तोच सूर असा उलगडायचा, की खोलीतला काळोखसुद्धा पातळ झाल्यासारखा वाटे.

गळ्यावर तेव्हा बाईंचाच शिक्का होता. त्यांची मुरकी, समेवर येतानाचा त्यांचा किंचित उशीर, इतकंच काय, सुरात मिसळलेला तो नाकातला बारीक स्पर्शही मी उचलला होता. नकलेला लोक नावं ठेवतात. मला ते कधी पटलं नाही. दुसऱ्याच्या गळ्यात राहून आल्याशिवाय आपलं घर कळावं कसं? कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. पुढे देवासला क्षयानं त्यांना अंथरुणाला खिळवलं, वर्षानुवर्षं गाणं बंद राहिलं, आणि ते उठले तेव्हा श्वास पूर्वीचा उरला नव्हता. मग आले ते आखूड, अवचित स्वरपुंज, त्यांच्यामधली ती भरलेली शांतता. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या मुद्रिकांतला आवाज ऐका, कोवळा, टोकदार, बाईमाणसाचा. आणि गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी स्वर ऐका. त्या स्वरात किराण्याची संथ बढत अशी काही बसली, की पहिला आवाज आठवावासाही वाटत नाही.

आवाज कमावता येतो. घासून, थांबून, पहाटेच्या थंडीत बसून. पण शैली कमावायला निघालेल्यांचं गाणं ऐकताना मला नेहमी थोडी दया येते. हरकतीची जागा आधीच ठरलेली, डोळे मिटायची वेळही. हाय रे! चारही तारा ओढून ताणल्या तर गंधार येत नाही. त्या आपापल्या जागी निवांत बसल्या, की अडवू म्हटलं तरी तो अडत नाही.

बाई थकल्या, त्या दिवसांत मी अधूनमधून जाऊन त्यांच्यापुढे गात असे. एका संध्याकाळी पूरिया लावला होता. मंद्र धैवतावर मी जरा जास्तच रेंगाळले, आणि तिथून निषादावर येताना स्वर कुठेतरी वळला, कसा ते मलाही कळलं नाही. बाईंनी डोळे उघडले.

"हे कुणाचं गं?"

"तुमचंच की, बाई."

"छे. माझं नाही ते." त्या उशीला टेकून सरळ बसल्या. "घे बघू परत."