धरमतरच्या बांधावरचे घर

वाचकहो, पेणहून अलिबागकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलात तर उजव्या हाताची खिडकी धरा. वडखळ मागे पडले की थोड्याच वेळात धरमतरचा पूल लागतो. खाली अंबा नदी. पण इथे ती नदी राहिलेली नसते, खाडी झालेली असते. भरतीला पाणी काठोकाठ, ओहोटीला नुसता चिखल आणि तिवरांची मुळे. उजवीकडे डोळवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात. रात्री गेलात तर तिथले दिवे मोजता येणार नाहीत इतके.

त्याच उजेडाकडे तोंड करून, खारेपाटातल्या एका बांधावर, माझ्या ओळखीच्या एका शेतकरी दादांची झोपडी आहे आणि तिथे अजून विजेची तार पोहोचलेली नाही. मागच्या माघात मी त्यांच्याकडे एक रात्र राहून आलो. त्या रात्री जे बोलणे झाले ते तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

आधी या जमिनीविषयी. खाडीचे पाणी अडवायला बाहेरकाठा घालायचा, आत पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि भात लावायचे, अशी ही खारी शेती. पूर्वी शिलोत्रदार हे बांध राखी आणि त्याबदली कुळाकडून ठराविक भात घेई. म्हणजे कर्ज, भांडवल, दुरुस्ती, सगळा हिशेब भातातच. पुलापलीकडे पोयनाडजवळ चरी गाव आहे. खोतांच्या वाट्याविरुद्ध तिथल्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला आणि इतकी वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पुढे कूळकायदा आला, कसणारा मालक झाला. या भागातल्या सातबाऱ्यावर त्या इतिहासाची खूण अजून दिसते, आणि घराच्या कर्जाची गाठ तिथेच येऊन बसते. ती पुढे सांगतो.

दादांना बांधावर घर कशाला हवे? गावठाणात घर आहे, पण ते तीन भावांचे. शिवाय शेतात जिताड्याचे तळे आहे. ज्याने जिताडा खाल्ला आहे त्याला सांगायला नको की रात्री तळ्यावर राखण का लागते. उधाणाची भरती असली की बांधाला कुठे भोक पडले का तेही पाहावे लागते. चिंबोरीने पोखरलेल्या जागेतून एकदा पाणी घुसले की खांड पडायला वेळ लागत नाही, आणि खारे पाणी शिरलेले शेत पुढची दोन-तीन वर्षे पोटापुरते पिकत नाही. वर्षातले कितीतरी दिवस माणूस तिथेच असतो. वहिनींचे म्हणणे सरळ होते, "अर्धा संसार बांधावर, तर धड घर तरी असू दे."

म्हणून दादा एका बँकेत गेले. कोणत्या ते सांगत नाही. साहेबांनी विचारले, मीटर आहे का? नाही. डांबरी रस्ता? नाही, बांधावरून चालत. बांधकामाचा मंजूर नकाशा? नाही. साहेबांनी कागद परत सरकवले. दादा समजले की वीज नाही म्हणून कर्ज नाही. मी सातबारा मागून घेतला आणि कंदिलाशी धरला. बाहेर कारखान्याचा उजेड आभाळभर पसरला होता आणि आम्ही दोघे एका कागदासाठी वात मोठी करीत होतो!

कागदावर तीन गोष्टी सापडल्या. खाते सामायिक, वडिलांच्या पश्चात वारसांची नावे लागली होती पण वाटप नव्हते. इतर हक्कांत कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा होता. कुळाने मिळवलेली जमीन विकण्या-गहाण ठेवण्यावर ते कलम बंधन घालते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते, पण ते काम कोणी तरी करून घ्यायला हवे. आणि तिसरी गोष्ट, घराची जागा खाडीच्या किती जवळ? तिवरांच्या भोवती पन्नास मीटर जागा मोकळी ठेवण्याचा उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे, आणि किनारा नियमनाचे नियम १९९१ पासून आहेत. बांधाला टेकून घर घातले तर कर्ज सोडाच, उद्या पाडायची नोटीस येईल. सुदैवाने दादांची उंचवट्याची जागा आत आहे.

वहिनी हे सारे ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे बँक घराला पैसे देत नाही, कागदाला देते."

अगदी तसेच. विजेची अडचण दुसरी, जमिनीची पहिली. १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधण्याची सवलत आहे. अवजारे, धान्य, गुरे आणि कुटुंबाचे राहणे यासाठी. त्यालाही क्षेत्राच्या अटी आहेत, त्या तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) विचारून घ्या. शहरी पद्धतीचे गृहकर्ज अशा घराला सहसा मिळत नाही. शेतघर आणि गोदाम म्हणून शेतीचे मुदतकर्ज देणाऱ्या बँका आहेत, पण त्या जमीन गहाण मागतात. दादांना मी ते करू नका म्हटले. चरीच्या लोकांनी जे मिळवायला सहा वर्षे शेत पडीक ठेवले, ते एका चार भिंतींच्या घरासाठी गहाण टाकायचे, हे मला पटत नाही. तुमचे मत वेगळे असू शकेल. त्यापेक्षा गावठाणातल्या घराचा विचार करा. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणे ड्रोनने मोजली जात आहेत आणि घराची मिळकत पत्रिका मिळते. अशा घरावर कर्ज काढता यावे हा तिचा एक हेतूच आहे. अर्थात भावांच्या सह्या लागतात, आणि त्या मिळवणे बँकेपेक्षा अवघड, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता उजेडाचे. पहिले काम, वीज कंपनीकडे लेखी मागणी. २००३ च्या कायद्याप्रमाणे मागणी केल्यावर जोडणी देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. खांब कधी येईल ते येईल, पण अर्जाची पोच हाती असू द्या. धीर मात्र ठेवा. याच जिल्ह्यातल्या घारापुरी बेटावर, मुंबईचे दिवे समोर दिसत असताना, समुद्राखालून तार येऊन वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनित्र चाले.

दुसरे, सूर्यघर योजनेच्या भरवशावर राहू नका. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे खरे, पण ते ज्या घराला आधीच वीजजोडणी आहे त्यालाच. दादांसारख्याला ते लागू नाही. त्यांना हवा तो तारेवाचूनचा संच, म्हणजे बॅटरीचा. त्यासाठी बँकेकडून वेगळे, लहान कर्ज मागता येते. घरगुती अपारंपरिक ऊर्जेचे दहा लाखांपर्यंतचे कर्ज रिझर्व्ह बँकेने अग्रक्रम क्षेत्रात धरले आहे. बँकेवर सक्ती नाही, व्याजात सूटही नाही. पण साहेब "असे कर्जच नसते" म्हणाले तर नम्रपणे हे सांगा.

असे कर्ज चालते का? आपल्या सीमेवर चालून दाखवले आहे. १९९५ मध्ये हरीश हांडे यांच्या सेल्को कंपनीने कर्नाटकात घरगुती सौरदिवे बसवायला सुरुवात केली. धारवाड-बेळगाव भागातली मलप्रभा ग्रामीण बँक अशा दिव्यांना कर्ज देणाऱ्या पहिल्या बँकांपैकी. मग २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने कॅनरा आणि सिंडिकेट बँकांबरोबर कार्यक्रम आखला, सुरुवातीला व्याजाचा काही भार उचलला, आणि हजारो घरांत दिवे लागले. तिथे दोन गोष्टी कळल्या. हप्ता माणसाच्या मिळकतीच्या ओघाने हवा. आणि दिवा बिघडला तर दुरुस्तीला येणारा माणूस जवळ हवा, कारण विझलेल्या दिव्याचा हप्ता कोणी भरत नाही.

दादांचा हिशेब आम्ही त्या रात्रीच मांडला. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, तीस वॅटचा पंखा आठ तास, मोबाइल. दिवसाला साडेचारशे वॅट-तास धरा. त्याला दोनशे वॅटचे पॅनेल आणि बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. श्रावणात चार दिवस ऊन पडले नाही तर पंखा बंद ठेवावा लागेल, हे वहिनींना आधीच सांगितले. एक गोष्ट विसरू नका. साधी बॅटरी चार-पाच वर्षांत जाते, म्हणून कर्जाची मुदत तीन वर्षांच्या वर घेऊ नका. नाहीतर मेलेल्या बॅटरीचे हप्ते भरत नवीन बॅटरीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागेल. खाऱ्या हवेत तारांची टोके गंजतात. त्यांना ग्रीस लावत जा.

हप्ते कधी? दादा म्हणाले, भात झोडल्यावर एक आणि जिताडा विकल्यावर एक. तसे लिहून अर्ज तयार केला. जोते या वर्षी, भिंती पुढच्या, पदरच्या पैशाने. कर्ज फक्त दिव्यांचे. कलम ४३ च्या कामाला आणि भावांशी बोलायला दादा शिमग्यानंतर लागणार होते.

पहाटे ओहोटी होती. वहिनींनी तांदळाच्या भाकरीबरोबर निवट्यांचे कालवण वाढले. बांधावरून रस्त्याला लागेपर्यंत कारखान्याचे दिवे विझले नव्हते. परवा दादांचा फोन आला. अर्ज बँकेने ठेवून घेतला आहे. साहेबांनी एकच विचारले, हे पॅनेल बसवणारा दुकानदार पेणचा आहे की मुंबईचा? दादांनी पेणचा असे सांगितले.