फाइल आहे, तरी नाही

प्लेस्टेशन २साठी आपल्या देशात बनलेले खेळ बोटांवर मोजण्याइतकेच. २००९ साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला. त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग असे आपल्या अंगणातले खेळ. मुंबईच्या ट्राइन कंपनीने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ केला. जगभर हे मशीन पंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं आणि २०१३च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून नंदुरबारच्या माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक प्लेस्टेशन २ची एकच रड: लेन्स गेली, डिस्क वाचत नाही. लेन्स मिळवायची तर सुरतेच्या बाजारात शोधाशोध, आणि मिळाली तरी ती कुणीतरी वापरून काढलेलीच.

म्हणून २०१७च्या मार्चमध्ये धडगावकडच्या एका आश्रमशाळेचे सर ‘देसी अड्डा’ची डिस्क घेऊन आले तेव्हा मला खरंच आनंद झाला. होळी नुकतीच उलटली होती. पथारीवरच्या मिरचीचा ठसका अजून स्टेशन रोडपर्यंत येत होता. सरांनी गोणपाटात गुंडाळून सीपीयू आणला होता, चांदसैली घाटातून एसटीने, मांडीवर धरून. सोबत त्यांची नववीतली मुलगी आणि बंद पडलेलं प्लेस्टेशन.

“भाऊ, शाळेतल्या पोरांना दाखवायचंय,” सर म्हणाले. “विटीदांडू कॉम्प्युटरमध्ये असतो म्हटलं तर खरं वाटत नाही त्यांना.”

मुलीने आधीच पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर उतरवून घेतला होता, १.४.० आवृत्ती. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरला प्लेस्टेशनसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम. त्याला मशीनचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, लागतो, आणि तो आपल्याच मशीनमधून काढलेला असावा, या बाबतीत मी ठाम आहे. सरांच्या प्लेस्टेशनची लेन्स मेली होती, पण ते सुरू होत होतं. मेमरी कार्डवरून एक लहानसा प्रोग्रॅम चालवून त्याचा बायोस पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला.

अडचण पुढे होती. त्या काळचा पीसीएसएक्स२ एकसंध नव्हता. चित्राचं काम एका प्लगइनकडे, आवाजाचं दुसऱ्याकडे, कंट्रोलरचं तिसऱ्याकडे, डिस्क वाचण्याचं चौथ्याकडे. चित्रासाठी जीएसडीएक्स, आवाजासाठी एसपीयू२-एक्स, बटणांसाठी लिलीपॅड, डिस्कसाठी सीडीव्हीडी-गिगाहर्झ. प्रत्येक प्लगइन म्हणजे ‘प्लगइन्स’ फोल्डरमधली एक डीएलएल फाइल. सरांच्या कॉम्प्युटरवर प्लगइन निवडायची खिडकी उघडली तर आवाज, बटणं, डिस्क सगळं भरलेलं आणि चित्राची ओळ रिकामी.

दुकानात बसलेल्या एका ओळखीच्या मुलाने लगेच सल्ला दिला, फॉरमॅट मार. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर हाच काढा पाजतात. मला ही सवय मनापासून खटकते. फॉरमॅट केल्यावर दुखणं कधी जातं, कधी राहतं, पण ते काय होतं हे कायमचं पुसलं जातं. त्यापेक्षा मशीन काय बोलतंय ते आधी वाचावं.

पीसीएसएक्स२ सोबत एक लॉगची खिडकी उघडते. कुठलं प्लगइन लोड झालं, कुठलं नाही, हे त्यात ओळीओळीने येतं. मी मुलीला ती मोठ्याने वाचायला सांगितली. एम्युलेटर उघडत होता, याचा अर्थ व्हिज्युअल सी++ २०१५चं ३२ बिटवालं रनटाइम जागेवर होतं. ते नसतं तर मुख्य खिडकीच दिसली नसती. बाकी प्लगइनं लागत होती, म्हणजे फोल्डरचा रस्ता बरोबर होता. राहता राहिलं जीएसडीएक्स. फोल्डर उघडून पाहिला, तर त्या नावाची एकही फाइल तिथे नव्हती. उतरवलेल्या झिप फाइलमध्ये मात्र सगळ्या होत्या. उचलल्या कुणी? अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये त्या सापडल्या, संशयित म्हणून कोंडलेल्या.

अशा वेळी अँटिव्हायरस बंद करून मोकळं व्हायचा मोह होतो. मी तसं करत नाही. एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या मूळ ठिकाणाहून पॅकेज पुन्हा उतरवलं, दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहिल्या, त्या तंतोतंत जुळल्या. मग तेवढ्या एका फोल्डरला सूट दिली. चित्राची ओळ भरली.

भरली ती एका नावाने नव्हे, अनेक नावांनी: एसएसई२, एसएसएसई३, एसएसई४, एव्हीएक्स. मुलीने शेवटचं निवडलं. सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं, असा तिचा सरळ हिशोब. पण ही नावं प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांची आहेत. सरांचा प्रोसेसर जुना पेंटियम ड्युअल-कोर. त्याला एव्हीएक्स माहीत नाही, एसएसई४ही नाही. त्याची धाव एसएसएसई३पर्यंत. त्याला न कळणारं प्लगइन दिलं की ते सुरूच होत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला प्लगइन हरवलंय असंच वाटतं. सीपीयू-झेड उघडून तिला प्रोसेसरसमोरची यादी दाखवली. तिने ती वहीत उतरवून घेतली आणि स्वतःच एसएसएसई३ निवडलं.

आता जीएसडीएक्स जागं झालं आणि पहिलंच मागणं केलं: डायरेक्टएक्स अद्ययावत करा. सर म्हणाले, “डायरेक्टएक्स ११ आहे की याच्यात. मी स्वतः पाहिलंय.” त्यांचं खरं होतं. विंडोज ७मध्ये डायरेक्टएक्स ११ असतं. पण डी३डीएक्स९_४३ ही जुनी मदतनीस फाइल विंडोजसोबत येत नाही, ती वेगळी बसवावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे किती लोक आठवडेच्या आठवडे ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतात!

“ती पण टाकली होती,” मुलगी म्हणाली. तिने सिस्टीम३२ फोल्डर उघडून बोट ठेवलं. खरंच, डी३डीएक्स९_४३ तिथे होती. गावाजवळच्या एका सायबर कॅफेतून सुटी फाइल आणून टाकलेली. सर आपल्या खानदेशी वळणावर आले: “फाइल तं आठेच से ना भो!”

फाइल तिथेच होती आणि एम्युलेटरच्या लेखी नव्हती. सरांचं विंडोज ६४ बिटचं, एम्युलेटर ३२ बिटचा. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ हा, नाव काहीही असलं तरी, ६४ बिट फाइलींचा फोल्डर. ३२ बिटच्या फाइली राहतात सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात. नावं अगदी उलटी वाटतात, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती तशी ठेवली गेली. ३२ बिट प्रोग्रॅमने सिस्टीम३२ मागितला की विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४च्या दारात नेऊन उभं करतं. टपालवाल्याने पत्र शेजारच्या वाड्यात टाकावं तसं झालं होतं. पत्र पोचलं होतं, पण ज्याचं होतं त्याला कधीच मिळणार नव्हतं.

सुटी डीएलएल आणून कुठेतरी टाकणं हा उपाय मला मान्यच नाही. एकतर ती फाइल कुणी काय करून ठेवलीय याचा भरवसा नाही. शिवाय ती चुकीच्या जागी बसली की पुढचा दुरुस्ती करणारा फसतो. समोर फाइल दिसते, म्हणून तो शोध दुसरीकडेच नेतो. सिस्टीम३२मधली ती फाइल आधी काढली. मग मायक्रोसॉफ्टचं जून २०१०चं डायरेक्टएक्स रनटाइम उतरवायला लावलं. सुमारे ९५ एमबी. दुकानातल्या ब्रॉडबँडच्या वेगाने त्याला चांगलाच वेळ लागला, तोवर सर आणि मुलगी जेवून आले. हे पॅकेज दोन टप्प्यांत बसतं: आधी ते एखाद्या फोल्डरात फक्त सुटतं, नंतर त्या फोल्डरातलं डीएक्ससेटअप वेगळं चालवावं लागतं. पहिल्या टप्प्यावरच काम झालं असं समजून सोडून देणारे मी पुष्कळ पाहिलेत. डीएक्ससेटअप ३२ आणि ६४ बिटच्या फाइली आपापल्या फोल्डरात नेमक्या ठेवतं.

यानंतर प्लगइनची कुठलीच तक्रार उरली नाही. इमजीबर्नने डिस्कची आयएसओ प्रत करून घेतली, म्हणजे मूळ डिस्क सारखी फिरवून झिजायला नको. खेळ सुरू झाला. खिडकीच्या माथ्यावर वेगाची टक्केवारी दिसते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० चित्रं म्हणजे शंभर टक्के. पेंटियमवर तो आकडा बराच खाली होता, आवाज अडखळत होता. चित्राचा आकार मूळ प्लेस्टेशनइतका ठेवला, स्पीडहॅकची पट्टी थोडी वर सरकवली. कबड्डी जमू लागली. पतंग मात्र शेवटपर्यंत आळसावल्यासारखेच उडत राहिले. त्या प्रोसेसरकडून त्याहून जास्त मागण्यात अर्थ नव्हता, आणि हे मी सरांना स्पष्ट सांगितलं. मुलीची त्याला हरकत नव्हती. तिने लिलीपॅडमध्ये बटणं लावली आणि वडिलांना खुर्चीतून उठवलं.

निघताना तिला एक पेन ड्राइव्ह दिला: एम्युलेटरचं मूळ पॅकेज, डायरेक्टएक्सचा सुटलेला फोल्डर, व्हिज्युअल सी++चं ३२ बिट रनटाइम. आश्रमशाळेत नेट नसलं तरी यातून सगळं पुन्हा उभं करता यावं. कुठल्या क्रमाने काय तपासायचं ते तिच्या वहीत होतंच.

पुढे पीसीएसएक्स२ बनवणाऱ्यांनी प्लगइनची पद्धतच मोडीत काढली आणि सगळे भाग मुख्य प्रोग्रॅममध्ये सामावून घेतले. २०२४च्या जुलैत २.० आवृत्ती आली, त्यात प्लगइन निवडायची ती खिडकीच नाही. नव्या माणसाचा त्रास वाचला, हे चांगलंच झालं. पण ती आवृत्ती एसएसई४.१ कळणारा प्रोसेसर आणि विंडोज १० मागते. सातपुड्यातल्या शाळांमध्ये दान म्हणून आलेले कितीतरी कॉम्प्युटर या अटीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी १.४.० जपून ठेवायला हवी, तिच्या सगळ्या प्लगइनांसकट. माझ्या दुकानात ती वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे.

‘हनुमान’ची डिस्कही नंतर एका गिऱ्हाइकाकडे पाहायला मिळाली. ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ अजून हाती लागलेली नाही. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, कुठेही कुणाच्या माळ्यावर ती पडली असेल तर ओरखडे वाढण्याआधी घेऊन या. तिची प्रत तुमच्यासाठी काढून देईन, आणि तुमचा कॉम्प्युटर जुना असला तरी त्यावर ती चालेल का, ते बसून पाहू.