तीन वाजताची दिवेलागण

डिसेंबरच्या मध्यावर स्टॉकहोमचा सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. ऐन दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. त्याच दिवसांत पुण्यात तो ४८ अंशांपर्यंत चढतो. ऊन डोक्यावर आलं की कॅमेरा पिशवीत, हा माझा पुण्यातला नेम. इथे पिशवी दिवसभर उघडीच राहिली.

हे शहर १४ बेटांवर पसरलेलं. त्यातलं जुनं गाव म्हणजे गामला स्तान. तिथल्या स्टूरतोर्येट चौकात दहा वाजले तरी ऊन खाली उतरलं नव्हतं. तांबड्या घराच्या उंच माथ्यावर तेवढी एक तिरीप होती, आणि तो तुकडा फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा दिसत होता. १५२०च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रिस्तियान राजाने याच चौकात ऐंशीच्या आसपास माणसं मारली. तांबड्या घराच्या भिंतीतले पांढरे दगड म्हणजे त्यांची मोजदाद, असं लोक सांगतात. घराला हे रूप आलं १७व्या शतकात, तरी गोष्ट टिकली आहे. मी कॅमेरा रोखून उभी राहिले. ऊन एकेक दगड उजळत खाली येत होतं, जणू कुणी हलक्या आवाजात नावं घेत होतं.

तिथून मोर्टेन ट्रोत्सिग बोळ. ३६ पायऱ्या आणि अरुंद जागी रुंदी फक्त ९० सेंटिमीटर. आडवी चौकट इथे चालतच नाही. कॅमेरा उभा धरावा लागतो. वरून एक आजोबा उतरत आले. मी अंग चोरून भिंतीला टेकले. त्यांनी टोपीला हात लावला आणि ते माझ्या खांद्याला खांदा घासून खाली गेले. थंडीने बॅटरी भराभर उतरते, म्हणून दुसरी मी स्वेटरच्या आत ठेवली होती. ती काढताना बोटं बधिर झाल्याचं कळलं.

दुपारी नगरभवन पाहिलं. राग्नार एस्टबेरी यांनी रचलेली ही वास्तू १९२३ साली उघडली. तिच्यासाठी सुमारे ८० लाख विटा लागल्या. नोबेलची मेजवानी होते ते आतलं दालन ‘निळं’ म्हणवतं, पण आहे लाल. त्याला निळा गिलावा द्यायचं ठरलं होतं. विटांचा लाल रंग पाहून एस्टबेरींनी तो बेत सोडला, आणि नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तीनच्या सुमारास मी सोदरमाल्मच्या कड्यावरच्या मोन्तेलिउस वाटेवर पोहोचले. समोर मेलारेनचं पाणी, पलीकडे नगरभवनाचा १०६ मीटर उंच मनोरा. सूर्य मावळला होता, उजेड मात्र रेंगाळत होता. आपल्याकडे सूर्य सरळ बुडी मारतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत अंधारतं. इथे तो तिरका, क्षितिजाच्या कडेकडेने उतरतो, म्हणून संधिप्रकाश पाऊण तास टिकतो. त्या पाऊण तासात लाल विटांवर हळूहळू निळाई चढत गेली. दालनाच्या वाट्याला न आलेला निळा रंग संध्याकाळने मनोऱ्याला दिला. मी तिपाई रोवून शटर चार-चार सेकंद उघडं ठेवत होते.

मग मागे वळून पाहिलं, तर घराघरांच्या खिडक्यांत दिवे लागले होते. नाताळाआधीचे हे दिवस, खिडकीत कागदी चांदणी टांगायचे. एका खिडकीत लहान मुलगी खुर्चीवर चढून चांदणीची गाठ सरळ करत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. लाल कागदातून झिरपणारा उजेड तिच्या तळहातांवर पडला होता. दिवसभरातला माझा सर्वांत चांगला फोटो तो.

लगेच आईला पाठवला. पुण्यात तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेलेले. देवापाशी दिवा लावून तिला दोन तास झाले असतील. तिचं उत्तर आलं, “आकाशकंदील कुणाकडचा गं?”

मी लिहिलं, “इथलाच, आई. इथे आत्ता दिवेलागण झाली.”