खिद्रापूरच्या वाटेवर

गेल्या डिसेंबरात मुलांच्या शाळेला सुटी लागली आणि आम्ही मस्कतहून माझ्या माहेरी गेलो. माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. मुलांची मागणी एकच होती, दातांनी सोलून खायचा ऊस. इथे त्यांना ऊस माहीत आहे तो ग्लासातल्या रसापुरता. पहिल्याच सकाळी दादा गुऱ्हाळावर घेऊन गेला. काहिलीतला गरम गूळ पळसाच्या पानावर खाऊन दोघांची तोंडं भाजली, तरी हात काही थांबेनात. मग नरसोबाची वाडी, तिथली बासुंदी, आणि तिसऱ्या दिवशी खिद्रापूर.

कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळीक आहे आणि बरोबर खाली तसाच गोल दगड. त्यावर उभं राहून मान वर केली की आकाशाची निळी थाळी दिसते. शंकराचं देऊळ, पण समोर नंदी नाही. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने गजपीठावरचे हत्ती मोजायला घेतले, चौदापर्यंत गेली आणि कंटाळली.

परतताना डबल ट्रॉलीच्या मागे अडकलो. शेवटी दादाने ओळखीच्यांच्या फडाशी गाडी बाजूला घेतली. “घ्या, पाहिजे तेवढा ऊस खावा,” म्हणाला. फडात बीडकडची टोळी तोडणीला होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही तिकडची मोजणी. बाप बुंध्यावर घाव घालतो, आई वाढे छाटते, आणि मागून एक लहानगी तोडलेला ऊस गोळा करून मोळीला लावते. माझ्या लेकीएवढीच असेल. अंगात बापाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात काही नाही. बांधावर पाचटावर गोधडी टाकून तिचा लहान भाऊ निजला होता.

उसाच्या पानाची कड ब्लेडसारखी असते. कूस अंगात शिरली की दोन दोन दिवस खाज जात नाही. तोडल्यावर जमिनीत राहिलेलं खोडकं तिरपं, टोकदार असतं, अनवाणी पायात सरळ घुसतं. पाचटाखाली घोणस आहे की मण्यार, ते पाय पडल्यावरच कळतं. जळका ऊस असला तर काजळी नाकातोंडात जाते. मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचं ते मोठ्यांनाही अवघड, मग जिची हाडं अजून वाढताहेत तिचं काय? आणि ट्रॉली रात्री दोनला आली तरी उठून भरावी लागते. पाचटात झोपलेलं पोर अंधारात ड्रायव्हरला दिसत नाही. असे अपघात आमच्याकडे दर एक-दोन हंगामांत ऐकू येतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. लग्नाआधी मी त्याच भागातल्या एका शाळेत शिक्षणसेवक होते. नुकतीच एम.ए. झालेली, उत्साह दांडगा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात कोप्यांवरून मीच एका दहा वर्षांच्या मुलीला वर्गात आणलं. गणितात हुशार, टनाचे हिशेब तोंडी करायची. पण कडेवर कायम तान्हा भाऊ. तो रडायचा, वर्ग हसायचा. एकदा साहेबांची तपासणी होती, तर आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, “उद्या बाळाला आणू नकोस हं.” ती दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही नाही. दहा-बारा दिवसांनी चौकशीला गेले, तर डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. वाढे छाटताना कोयता तर्जनीवर बसला होता. वर हळद दाबून काम चालूच. मी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं गेलं. बोट वाचलं, पण पुन्हा सरळ होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याला अकरा वर्षं होतील. फडात उभी असताना लेकीने विचारलं, “आई, तू सगळ्या बायकांच्या डाव्या हाताकडे का बघतेस?”

कायदा काय म्हणतो, तेही मी कधीकाळी पाठ केलं होतं. २०१६च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत चालते, ती धोक्याची नसेल तर. पण इथे मुलीला कुणी कामावर ठेवलेलंच नसतं! मुकादमाच्या वहीत नाव नवरा-बायकोचं, मजुरी टनावर, आणि हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते. दोन हात वाढले की मोळ्या वाढतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा २०२४ सालचा अंदाज आहे की जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं अशी राबतात. निम्म्याहून जास्त शेतीत, बहुतेक आईबापांबरोबरच.

मी त्या लहानगीला विचारलं, “कितवीत गं?”

“तिसरीत. गावाकडं.”

“मग इथं शाळा?”

“भाऊ हाय ना.”

तिची आई कोयता थांबवून म्हणाली, “बाई, कोपीवर एकटी पोरगी ठिवायची कशी? दार नाय, कडी नाय. इथं डोळ्यापुढं तरी ऱ्हाती.” हे कारण अकरा वर्षांपूर्वी मी कधी विचारलंच नव्हतं.

गावच्या गुरुजींनी काही कागद दिलाय का, म्हणून विचारलं. संध्याकाळी कोपीवर गेलो तेव्हा तिच्या आईने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत शिक्षण हमी पत्रक होतं, नीट घडी केलेलं. हे दाखवलं की जिथे जाईल तिथल्या शाळेने मुलाला घ्यायचं असतं. दीड महिना ते पेटीतच होतं. शाळा कुठल्या बाजूला आहे, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माझी जुनी सहकारी आता जवळच्याच शाळेत आहे. तिला तिथूनच फोन लावला. “बाळासकट घे,” म्हटलं. ती हसली. “अगं, अंगणवाडी आवारातच आहे. पाठव दोघांना.”

फेब्रुवारीत तिचा निरोप आला : दोघं येतात, आठवड्यातून तीन-चार दिवस. रात्री ट्रॉली भरली असेल तर दुसऱ्या दिवशी दांडी. पोरगी पाढे म्हणते आणि अंगणवाडीतल्या भावाला दर तासाला खिडकीतून बघून येते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इथला फड संपला आणि टोळी पुढच्या उसाला कर्नाटकात गेली. जाताना तिच्या आईने ते पत्रक शाळेतून आठवणीने मागून नेलं.