भिंतीवरचा उल्लू

चंद्रपूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथल्या रेल्वे स्थानकाच्या भिंती ताडोबातील वाघ-पाखरांनी रंगलेल्या पाहिल्या आणि मनात आले, पिंप्राळ्यातल्या आमच्या उर्दू शाळेच्या भिंतीने काय घोडे मारले आहे?

मुलांना विचारले, काय काढायचे? सगळे ओरडले, जिराफ!

आम्ही रानपिंगळा सुचविला. सातपुड्यातले हे छोटे घुबड. 1884 साली खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला, नंतर 113 वर्षे पत्ता नाही. 1997 साली शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. आपल्या यावल अभयारण्यातही आहे. आणि आम्ही बी.एड. झालेले, त्याचे नाव ऐकले ते तिशी उलटल्यावर! जुनी झाडे तुटली, ढोली गेली, की हा राहणार कुठे?

चित्र उमटू लागले तसे आक्षेप आले. एका बुजुर्गांना शाळेवर जानदाराची तस्वीर पसंत नव्हती. त्यांना आम्ही पाठ्यपुस्तकातली पाने दाखवली. ते गप्प झाले. पटले असे नाही. मग एक दादी आली. "शाळेवर उल्लू? मनहूस! पोरं नापास होतील." आमच्या अम्मीचेही मत तेच, म्हणून हसता येईना.

तिचा चौथीतला नातू ब्रश घेऊन उभा होता. म्हणाला, "दादी, ये दिन में भी घूमता."

दादीने चष्मा सावरला. "दिन में? फिर तो ये वो नहीं."

दुसऱ्या दिवशी ती मोहल्ल्यातल्या दोघींना घेऊन आली, भिंत दाखवायला.