गुरुवारच्या सुट्टीतली लीग

आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी मोशीतली निम्मी सोसायटी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत असते, तेव्हा मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनला ऑफसेट मारत असतो. गुरुवारी मी घरी, तर मुलं शाळेत, बायको नोकरीवर, आणि दुरुस्तीच्या नावाखाली वीजसुद्धा अधूनमधून सुट्टीवर. अशा दिवशी करमणुकीची सोय स्वतःलाच शोधावी लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत ती मला सापडली. प्रीमियर लीग डार्ट्स ही जगातल्या नामवंत खेळाडूंची लीग नेमकी दर गुरुवारी खेळली जाते.

अडचण एवढीच की ब्रिटनमधल्या संध्याकाळी सात वाजता सामने सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. शुक्रवारी सकाळी सातला पंच करायचं असतं. मी गुरुवारी दुपारी भरपूर झोप काढायची आणि रात्री कानात हेडफोन घालून बसायचं, अशी व्यवस्था लावली. घरच्यांना वाटलं, हे काही आठवड्यांचं खूळ असेल. पण लीग फेब्रुवारी ते मे चालते, आणि मी तिचा हंगामच धरून बसलो.

डार्ट्स म्हटलं की आपल्याकडे लोकांना जत्रेतला फुगे फोडायचा खेळ आठवतो. खरा खेळ हिशेबाचा आहे. प्रत्येकाने ५०१ पासून खाली यायचं. एका पाळीत तीन डार्ट. बोर्डावर २० पाचरी, त्यांत दोन अरुंद कडी. आतल्या कड्यात लागला तर तिप्पट म्हणजे ट्रेबल, बाहेरच्या कड्यात दुप्पट म्हणजे डबल, आणि मधोमध ५० चा बुल. शेवटचा डार्ट डबलमध्ये किंवा बुलमध्येच लागला पाहिजे आणि बेरीज बरोबर शून्यावर आली पाहिजे. तिन्ही डार्ट २० च्या ट्रेबलमध्ये गेले तर १८०. एकही डार्ट वाया न घालवता असा एक डाव, म्हणजे लेग, संपवायचा तर किमान नऊ डार्ट लागतात.

बोर्ड ज्याने आखला त्याच्या डोक्याचं मला, एक सेटर म्हणून, विशेष कौतुक वाटतं. २० च्या दोन्ही बाजूंना १ आणि ५ ठेवले आहेत. म्हणजे जास्तीत जास्त हावरट माणसाला जास्तीत जास्त दंड. १९ च्या शेजारी ३ आणि ७. ट्रेबलचं कडं रुंदीला फक्त ८ मिलिमीटर. कड्याचा एक कप्पा लांबीला साधारण ३२ मिलिमीटर भरतो. एवढ्या जागेत २ मीटर ३७ सेंटिमीटरवरून तीन डार्ट घालायचे. आमच्याकडे एखाद्या ग्राहकाने असं ड्रॉइंग पाठवलं, तर क्वालिटीवाले आधी टॉलरन्स वाढवून मागतील.

त्या वर्षी लीगमध्ये आठ जण होते. जागतिक क्रमवारीतले पहिले चार थेट आणि चार निमंत्रित. विश्वविजेता ल्यूक हम्फ्रीज होता, आधीच सात वेळा ही लीग जिंकलेला नेदरलँड्सचा मायकेल व्हॅन गर्वेन होता, गर्विन प्राइस, पीटर राइट, रॉब क्रॉस, मायकेल स्मिथ, नेथन अस्पिनल होते. आणि वॉरिंग्टनचा ल्यूक लिटलर. जानेवारीत तो सोळा वर्षांचा असताना जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हम्फ्रीजकडून ७-४ असा हरला होता आणि सगळं इंग्लंड त्याच्याबद्दलच बोलत होतं. लीग सुरू होईपर्यंत तो सतरा वर्षांचा झाला होता. आमच्याकडे बारावीसाठी राहिलेला माझा भाचा त्याच वयाचा. तो खोलीत गणिताचे पेपर सोडवत बसे आणि मी बाहेर त्याच्या वयाच्या पोराला कार्डिफमध्ये, बर्लिनमध्ये, हजारोंच्या गलक्यात, डोक्यात वजाबाक्या करताना बघत असे.

या लीगची रचना समजून घेतली की तिची मजा वाढते. दर गुरुवारी नवं शहर, आणि त्या एका रात्रीत उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम असे सामने उरकतात. आधी सहा लेग जिंकेल तो पुढे. रात्र जिंकणाऱ्याला ५ गुण आणि १० हजार पौंड, उपविजेत्याला ३, उपांत्य फेरीत हरणाऱ्यांना २, पहिल्याच सामन्यात हरला तर भोपळा. अशा सोळा रात्री. त्यानंतर गुणतक्त्यातले पहिले चार लंडनला. म्हणजे प्रत्येक रात्र नॉकआउट, आणि सगळ्या रात्री मिळून लीग. एखादी रात्र कुणीही मारून नेतो. सोळा रात्रींची बेरीज मात्र कुणाला खोटं बोलू देत नाही.

हे मला लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यात पहिला पीस ओके आला म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. पहिला पीस लावून घेता येतो. प्रश्न असतो तो शिफ्टच्या शेवटी येणाऱ्या पीसचा. सगळे पीस मापाच्या किती जवळ किती लांब पडतात, त्या फैलावावर मशीनची आणि सेटरची किंमत ठरते. सुरुवातीचे काही आठवडे व्हॅन गर्वेनचे होते. तो जिंकत होता तेव्हा त्याला कोणी अडवेल असं वाटत नव्हतं. लिटलरच्या हाती त्या काळात एकही रात्र लागली नाही. पण तो दोन-तीन गुण गोळा करत राहिला. महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री, गावात नागेश्वर महाराजांच्या उत्सवाची लगबग चालू होती, तेव्हा मी तक्ता बघत बसलो होतो. रात्र न जिंकताही हा पोरगा त्यात वर वर सरकत होता.

पाहून पाहून हात शिवशिवायला लागले. बोर्ड ऑनलाइन मागवला. चांगला बोर्ड सिसल नावाच्या घायपाताच्या जातीच्या धाग्यांचा असतो. डार्ट काढला की धागे पुन्हा मिटतात आणि भोक बुजतं. तो मी प्लायवूडवर ठोकून भिंतीला लावला. बुलची उंची जमिनीपासून १ मीटर ७३ सेंटिमीटर, तेवढी बरोबर धरली. बोर्डासोबत आलेले डार्ट मात्र हलके आणि एकसारखे नव्हते. मग शेठना विचारून उरलेल्या पितळी बारमधून तीन बॅरल टर्न केले.

ते काम करताना व्यावसायिक खेळाडू टंगस्टनच का वापरतात ते हातालाच समजलं. २२-२४ ग्रॅम वजन पितळात बसवायचं तर बॅरल जाडजूड होतं. टंगस्टनची घनता पितळेच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे तेच वजन पेन्सिलीपेक्षा बारीक बॅरलमध्ये मावतं, आणि ३२ मिलिमीटरच्या कप्प्यात तिसऱ्या डार्टला जागा उरते. ज्या टंगस्टनच्या कार्बाइडच्या इन्सर्टने मी दिवसभर लोखंड कापतो, त्याच धातूवर हे लोक जगतात. पकडीसाठी नर्लिंग केलं, ते पहिल्यांदा फार धारदार झालं, मग पॉलिश पेपर फिरवून मऊ केलं. खरी शोधाशोध झाली ती मागच्या आट्यांसाठी. डार्टच्या दांडीचे आटे टू-बीए असतात. ते एम-फाइव्हच्या जवळचे, पण एम-फाइव्ह नव्हेत. आपल्याकडे आता सगळं मेट्रिक झालंय. शेवटी भोसरीतल्या एका जुन्या टूलवाल्याने खालच्या खणातून बीएचा टॅप काढून दिला आणि विचारलं, "कुठल्या जमान्याचं मशीन दुरुस्त करताय?"

हातात वजन आल्यावर मी बोर्डावर कागद चिकटवला, मध्ये एक टिंब काढलं आणि त्यावर नेम धरून डार्ट मारत गेलो. नंतर कागद टेबलावर घेऊन प्रत्येक भोकाचं टिंबापासूनचं अंतर व्हर्नियरने मोजलं. भाचा म्हणाला, "मामा, खेळताय की इन्स्पेक्शन करताय?" पण कागद बोलका होता. आडवा फैलाव कमी, उभा बराच. कारण सरळ आहे. हात डावी-उजवीकडे फारसा हलत नाही. डार्ट सुटायची वेळ आणि वेग मात्र क्षणाच्या अंशाने बदलतो, आणि तो फरक वर-खाली दिसतो. म्हणजे माझ्यासाठी २० ची उभी पाचर ठीक. ट्रेबल हुकला तरी डार्ट २० मध्येच राहतो. डबल मारायचा तर उजवीकडचा ६ किंवा डावीकडचा ११ सोयीचा, कारण तिथे कडं उभं जातं.

हे डोकं फक्त माझंच चालत नव्हतं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या रायन टिब्शिरानी, अँड्र्यू प्राइस आणि जोनाथन टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. ज्याचा हात अगदी घट्ट, त्याने २० चा ट्रेबल धरावा. फैलाव थोडा वाढला की १९ चा ट्रेबल बरा. आणखी वाढला की नेम डावीकडे खाली न्यावा, आणि अगदीच नवशिक्या असेल त्याने बुलच्या आसपास. म्हणजे टीव्हीवर विश्वविजेता जिथे मारतो तिथेच आपण मारणं बऱ्याचदा तोट्याचं असतं.

मार्चअखेर भाच्याची परीक्षा संपली आणि तो माझ्या शेजारी येऊन बसला. २८ मार्चला बेलफास्टमध्ये लिटलरने हंगामातली पहिली रात्र जिंकली. पुढच्या आठवड्यापासून तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली, म्हणून आपल्याकडे सामने साडेअकराला सुरू व्हायला लागले. आम्हाला तेवढीच झोप जास्त. एप्रिल-मेमध्ये लिटलर तक्त्यात वर गेला तो शेवटी पहिलाच राहिला. हम्फ्रीज दुसरा, व्हॅन गर्वेन तिसरा, स्मिथ चौथा.

२१ मेला बारावीचा निकाल लागला. भाच्याला मिळाले त्यापेक्षा बरे गुण मिळायला हवे होते, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत पडलं. केमिस्ट्रीचा पेपर अवघड गेला होता. वर्षभराच्या चाचण्यांमध्ये त्याचा हात बरा होता. दोन दिवसांनी, २३ मेच्या रात्री, लंडनच्या ओटू अरेनात अंतिम रात्र होती. लिटलरने स्मिथला १०-५ ने काढलं, हम्फ्रीजने व्हॅन गर्वेनला तेवढ्याच फरकाने. अंतिम सामना त्याच दोघांत, जे जानेवारीत भिडले होते. या वेळी लिटलर ११-७ ने जिंकला आणि मध्येच एक लेग नऊ डार्टमध्ये संपवला. नववा डार्ट लागला तेव्हा भाचा उठून उभा राहिला आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण रात्रीचे दोन वाजून गेले होते. २ लाख ७५ हजार पौंडांचा धनादेश बघून तो म्हणाला, "मामा, बारावी पण अशी सोळा गुरुवारांची ठेवायला पाहिजे." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. बारावी नॉकआउट आहे, सीईटीही नॉकआउट आहे, आणि पुढे कारखान्यात आलास की मात्र रोज लीग आहे, हे मी त्याला नंतर चहा पिताना सांगितलं.

जूनमध्ये आम्ही बोर्ड खाली पार्किंगमध्ये नेला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची भिंतीवरच्या ठकठकीची तक्रारही त्यामुळे मिटली. तिथे आठ जणांची आमची लीग सुरू झाली, गुरुवारी संध्याकाळी, ५-३-२ याच गुणांनी, संबंध पावसाळाभर. भाचा सगळ्यांत देखणा खेळायचा. लिटलरसारखा उजवा पाय पुढे, २० च्या ट्रेबलवर नजर. एखाद्या पाळीत १४० काढायचा आणि पुढच्या पाळीत १, ५, १. रात्री त्याने जिंकल्याही.

पण गणपतीपर्यंत तक्त्यात वर होते ते टूलरूममधून निवृत्त झालेले, बी विंगमधले काका. चष्मा दोनदा पुसायचे, मग तिन्ही डार्ट डावीकडे खाली, १६ च्या दिशेने. १६, ७, ८, १६, कधी १६ चा ट्रेबल. त्यांची पाळी ५० च्या वर क्वचित जायची आणि ३० च्या खालीही क्वचित यायची. शेवटी ३२ उरवून १६ चा डबल धरायचे. तो आत हुकून साधा १६ लागला तर उरतात १६, म्हणजे ८ चा डबल. तोही तसाच हुकला तर ४ चा. बेरीज मोडतच नाही. स्टॅनफर्डचा निबंध त्यांच्या कानावरही गेलेला नव्हता. तो मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

शेवटच्या गुरुवारी भाच्याने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही एकदाही वीस का धरत नाही?"

काकांनी डार्ट पुसून डबीत ठेवले. "वीस बघायला छान आहे रे," ते म्हणाले, "पण माझा हात सोळाचा आहे. तुझा कुठला आहे ते आधी मोजून घे."

दुसऱ्या दिवशी भाच्याने माझ्याकडे व्हर्नियर मागितला.